बालवर्गाचा चित्रतास : जुलैपासून एप्रिलपर्यंत

(शब्बाथशाळेचे शिक्षक व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१९-२०; निर्गम ३५:३०-३५; १ शमुवेल २:१८-१९

पाठाचा हेतू : चार ते सहा वर्षांच्या मुलांना वर्षभर चित्रकला कोणत्या क्रमाने शिकवावी, आणि मुलाने काढलेले चित्र हाती आल्यावर शिक्षकाने काय करावे, हे समजून घेणे.

१. हे दान कोणाचे?

रानात निवासमंडप उभारायचा होता तेव्हा देवाने कारागिरांना नावाने बोलावले. यहूदा वंशातला बसालेल आणि दान वंशातला अहलियाब अशी त्यांची नावे निर्गमात आली आहेत. बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने भरले ते प्रवचन करण्यासाठी नव्हे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे काम त्याला करता यावे म्हणून भरले. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण बहुधा घाईने वाचून जातो. दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याच्या मनात घातली. हाताचे कौशल्य आणि ते शिकवण्याची इच्छा ही दोन्ही दाने एकाच माणसाला एकदम मिळाली.

काही मंडळ्यांत अजूनही विचारतात की दुसऱ्या आज्ञेत मूर्ती करण्यास मनाई असताना देवाच्या घरात मुलांना चित्रे कशाला शिकवायची? उत्तर त्याच पुस्तकात आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ती आज्ञा आहे आणि पंचविसाव्या अध्यायात कोशावरचे करूब घडवण्याची सूचना आहे. मनाई हाताने काही घडवण्याला नाही, घडवलेल्याच्या पाया पडण्याला आहे. बालवर्गातले मूल नोहाचे तारू काढते ते पूजा करण्यासाठी नव्हे, ऐकलेली गोष्ट आपल्या परीने पुन्हा सांगण्यासाठी.

२. बालवाडीचा वारसा

लहान मुलांच्या शाळेत हाताच्या कामाला मानाची जागा देणारा फ्रीड्रिख फ्रोबेल हा जर्मनीतील एका लूथरन पाळकाचा मुलगा. त्याचा जन्म १७८२ चा. तो तान्हा असतानाच आई गेली. पाळकाच्या घराभोवतालची बाग आणि झाडे यांच्या सोबतीने त्याने बालपण काढले. १८३७ साली त्याने ब्लांकनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. लाकडी ठोकळे व चेंडू यांच्याबरोबर कागदाच्या घड्या, कागद कातरणे, पट्ट्या विणणे, मातीकाम आणि रेषाकाम यांना त्याने शाळेत आणले. मूल आधी हाताने समजते, मग तोंडाने सांगते, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या मंडळ्यांना हे नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनी किंडरगार्टनचे काम केले. महाराष्ट्रात पुढे ताराबाई मोडक यांनी या कामाला मराठी रूप दिले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. विकतची महाग साधने खेड्यात कोठून आणायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शिंपले, बिया, पाने, माती आणि काड्या यांचीच त्यांनी साधने केली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. बालवाडी या शब्दातही बाग आहेच. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला वाडीच म्हणतात. रोप ओढून वाढवता येत नाही, हे बागेत काम करणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

३. मुलाच्या रेघेची वाढ

शिक्षकाने प्रथम हे जाणून घ्यावे की लहान मुलाचे चित्र हे मोठ्या माणसाचे बिघडलेले चित्र नसते. ते आपल्या क्रमाने वाढते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रमाच्या पायऱ्या मांडल्या आहेत, आणि ऱ्होडा केलॉग यांनी लहान मुलांची लाखो चित्रे जमवून त्यांचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेले आपल्याला रोजच्या वर्गात सहज पाहता येते.

दोन ते चार वर्षांचे मूल गिरगटते. आधी हात नुसता मागेपुढे जातो, मग गोल फिरू लागतो, आणि एके दिवशी रेघेची दोन टोके जुळून बंद वर्तुळ होते. मूल थांबून त्याकडे पाहते आणि त्याला नाव देते. चौथ्या-पाचव्या वर्षी त्या वर्तुळाला डोळे येतात आणि डोक्यालाच हातपाय फुटतात. धड नसते. जगभरची मुले माणूस प्रथम असाच काढतात, तेव्हा आपल्या वर्गात तसा माणूस दिसला तर घाबरू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी येऊ लागते. आवडते माणूस मोठे आणि घर त्याच्या गुडघ्याएवढे, हेही याच वयाचे. मुलाच्या मनात ज्याची जागा मोठी, ते कागदावर मोठे होते.

या वाढीला मध्येच धक्का बसतो तो आपल्या हातून. "असे नाही, असे काढ," म्हणून शिक्षक मुलाच्या कागदावर स्वतः माणूस काढून दाखवतात. पुढच्या वेळी मूल कोरा कागद पुढे करून म्हणते, "मला येत नाही, तुम्हीच काढून द्या." चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आले की समजावे, काहीतरी हिरावले गेले आहे.

४. दोन डोंगर आणि मधला सूर्य

नमुना पाहून काढलेल्या चित्राने आणखी एक नुकसान होते. ग्वाल्हेरच्या हजीरा भागातून किल्ल्याचा डोंगर दिसतो. तो लांबच लांब आहे आणि त्याचा माथा सपाट आहे. तरीही येथल्या मुलांना चित्र काढ म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचे झाड येते. हजीऱ्यात नारळाची झाडे कोठे आहेत? येथे आहेत ते कडुनिंब आणि चिंच. ते चित्र मुलाने पाहिलेले नसून वहीतून किंवा मोठ्या भावंडाकडून उचललेले असते. डोळे असून न दिसण्याविषयी प्रभूने शिष्यांना विचारले होते (मार्क ८:१८). खिडकीबाहेरचा डोंगर न पाहता वहीतला डोंगर गिरवण्याची सवय आपणच लहान वयात लावतो. आपल्या चित्रतासाचे ध्येय चित्रकार तयार करणे हे नाही. देवाने केलेले मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेले स्वतःच्या हाताने सांगावे, एवढेच ध्येय आहे.

५. वर्षभराचा क्रम

पुढील क्रम हजीऱ्यातील ऋतू आणि तेथे सहज मिळणाऱ्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. सोलापूर, अहिल्यानगर किंवा नागपूरच्या शिक्षकांनी आपल्या गावाप्रमाणे फेरफार करावा. क्रमामागचे तत्त्व एकच : मोठ्या हालचालीकडून बारीक हालचालीकडे, आणि एका साहित्याकडून अनेक साहित्याकडे.

जुलै. कागद देऊच नये. पाण्याची वाटी आणि जाडा ब्रश देऊन मुलांना फरशीवर व भिंतीवर पाण्याने रेघा काढू द्याव्यात. रेघ वाळून नाहीशी होते, त्यामुळे चुकण्याची भीती उरत नाही. महिन्याच्या अखेरीस जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर पसरून कोळसा व जाडे खडू द्यावेत.

ऑगस्ट. पावसाच्या रेघा. उभा पाऊस, तिरपा पाऊस, छपरावरून ठिबकणारा पाऊस, डबक्यात पडून गोल होणारा पाऊस. प्रथम दारात उभे राहून दोन मिनिटे पाहावे, मग काढावे. नोहाची गोष्ट याच महिन्यात सांगावी.

सप्टेंबर. माती. कुंभाराकडून भिजवलेली माती आणावी. गोळी, वळी, चपटी आणि वाटी हे चार आकार पुरेत. बोटांत बळ येण्यासाठी याहून चांगले काम नाही. ज्या मुलाला खडू नीट धरता येत नाही, त्याला आधी महिनाभर माती द्यावी. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातला कुंभार येथे सांगावा. बिघडलेले भांडे कुंभाराने टाकून दिले नाही, त्याच मातीचे दुसरे केले, हे मुलांच्या हातांना आपोआप पटते.

ऑक्टोबर. रंग. बाजारातून डबी आणण्याआधी घरातले रंग काढावेत : हळद, गेरू, कोळशाची पूड, पालकाचा रस. ते मैद्याच्या पातळ खळीत कालवावेत. पांढऱ्यासाठी खडूची पूड घ्यावी. चुना मुळीच देऊ नये, डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. आरंभी एकाच रंगाने काढावे. दुसऱ्या आठवड्यात दुसरा रंग द्यावा आणि दोन्ही मिसळल्यावर काय झाले ते मुलांनाच सांगू द्यावे.

नोव्हेंबर. फाडणे आणि चिकटवणे. कात्रीच्या आधी बोटांनी कागद फाडता आला पाहिजे. शिंप्याकडच्या चिंध्या, वाळलेली पाने, डाळीची टरफले, जुन्या लग्नपत्रिका हे सर्व खळीने पुठ्ठ्यावर लावावे. पीक घरी आल्याबद्दल मंडळीत उपकारस्तुती होते, तिच्यासाठी वर्गाने मिळून एक मोठी टोपली अशी करावी.

डिसेंबर. ठसे. भेंडी आडवी कापली की तिचा ठसा पाच टोकांच्या ताऱ्यासारखा उमटतो. मागी लोकांचा तारा दाखवायला याहून सोपे साधन नाही. प्रत्येक मुलाने एका कागदावर हवे तितके तारे उमटवावेत आणि तीच त्याच्या घरची नाताळची पत्रिका व्हावी. याच महिन्यात हजीऱ्यात तानसेनाच्या समाधीजवळ तानसेन समारोह भरतो आणि मुलांच्या कानावर गाणे पडते. एखादे दिवशी पेटीवर एक संथ व एक जलद चाल वाजवून मुलांना रेघेने ऐकू द्यावे. संथ चालीची रेघ आणि जलद चालीची रेघ वेगळी येते, ती भिंतीवर शेजारी शेजारी लावावी.

जानेवारी. ग्वाल्हेरची थंडी आणि धुके यांमुळे मुले आत बसतात. या महिन्यात माणसे काढावीत : घरातली माणसे, शेकोटीभोवतीची माणसे, गजक विकणारा. माणसाला धड नसल्यास "पोट कोठे आहे?" असे विचारू नये. त्याऐवजी मुलांना उभे करून खेळ घ्यावा : पोटावर हात, पाठीवर हात, खांद्यावर हात. शरीर जसजसे कळते, तसतसे ते चित्रात उतरते.

फेब्रुवारी. आकार. हजीऱ्यातच मुहम्मद गौस यांचा सोळाव्या शतकातला मकबरा आहे, आणि त्याच्या दगडी जाळ्या पाहण्यासारख्या आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी पालकांना बरोबर घेऊन मुलांना तेथे न्यावे. इमारत काढायला लावू नये. जाळीतून जमिनीवर पडलेले उन्हाचे तुकडे पाहावेत, त्यांत तारे आणि चौकोन शोधावेत. परत आल्यावर कागदाच्या दोन-तीन घड्या घालून बिनटोकाच्या कात्रीने कडा कातराव्यात आणि घडी उलगडून प्रत्येकाने आपली जाळी खिडकीत लावावी. फ्रोबेलच्या शाळेत हेच होत असे. ग्वाल्हेरच्या दगड घडवणाऱ्यांनी कितीतरी आधी उन्हाला नक्षीत बसवले होते.

मार्च आणि एप्रिल. पळस फुलतो. त्याची फुले गरम पाण्यात भिजवली की केशरी-पिवळा रंग उतरतो. झावळ्यांच्या रविवारी सर्व मुलांनी एकाच लांब कागदावर मिळून मिरवणूक काढावी. उत्तम शुक्रवारची दुःखे रंगवायला या वयात सांगू नये. पुनरुत्थानाच्या सकाळची बाग, लोटलेली धोंड आणि उजेड मुलांना सहज काढता येतो. उन्हाळ्याची सुटी लागण्याआधी वर्षभराच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे.

६. एका तासाची आखणी

तास चाळीस मिनिटांपेक्षा मोठा नसावा. पहिली दहा मिनिटे पाहणे किंवा गोष्ट ऐकणे, पुढची वीस मिनिटे काम, पाच मिनिटे चित्राविषयी बोलणे आणि पाच मिनिटे हात धुणे व आवराआवर. आवराआवर हाही पाठच आहे. ब्रश धुऊन उभा ठेवणे मुलांना जमते आणि आवडते. खडूपेट्या प्रत्येकाला एक न देता चार मुलांत एक द्यावी. लाल खडू मागून घेणे आणि वापरून परत देणे यात शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा पाठ आपोआप होतो.

७. चित्र हाती आल्यावर

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात एक सुंदर गोष्ट आहे. देवाने पशू आणि पक्षी आदामापुढे आणले, आणि तो त्यांना काय नावे देतो हे पाहिले. सर्व निर्माण करणाऱ्याने नावे आधी सांगितली नाहीत. तो थांबला आणि माणसाने दिलेले नाव त्याने राहू दिले. बालवर्गाच्या शिक्षकासाठी याहून मोठा कित्ता नाही.

म्हणून चित्र पाहताच "हा हत्ती ना?" असे म्हणू नये. "छान, छान" असे सरसकटही म्हणू नये. मुलाला त्यातले पोकळपण लवकर कळते. "मला याविषयी सांग" एवढे म्हणावे आणि थांबावे. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली किंवा मागे लिहावे, आणि तारीख घालावी.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना या थांबण्याचा आणखी एक लाभ आहे. हजीऱ्यातले मूल शाळेत व गल्लीत हिंदी बोलते. मराठी घरात आणि उपासनेत ऐकते. मोठ्यांपुढे मराठी बोलताना ते अडखळते, कोणी हसले तर गप्प बसते, आणि हळूहळू प्रार्थनाही त्याला परक्याची वाटू लागते. चित्र हाती असले की तेच मूल बोलू लागते, कारण दाखवायला त्याच्याजवळ काही असते. ते "बादल" म्हणाले तर "बादल" असेच लिहावे. मग आपण बोलता बोलता म्हणावे, "केवढा मोठा ढग काढलास!" मुलाचा शब्द खोडला जात नाही आणि आपला शब्द त्याच्या कानावर पडतो. वर्षभरात असे कितीतरी शब्द ते आपले म्हणून उचलते. जी भाषा केवळ चुका काढण्यासाठी बोलली जाते, ती मुले टिकवीत नाहीत.

एक सावधगिरी. मुलाने सर्व काळे रंगवले म्हणजे ते दुःखी आहे, किंवा बापाला लहान काढले म्हणजे घरात भांडण आहे, असे तर्क करू नयेत. पुष्कळदा काळा खडूच हाताशी असतो. परंतु एखादे मूल आठवड्यामागून आठवडे भीतीच्याच गोष्टी काढीत असेल आणि वागण्यातही बावरलेले असेल, तर ते चित्र कोणाला न दाखवता पालकांशी एकांतात बोलावे. मुलाने विश्वासाने दाखवलेले चित्र मंडळीत चर्चेचा विषय होता कामा नये.

८. पालकांच्या दोन तक्रारी

"चित्रांत वेळ जातो, अक्षरे केव्हा शिकणार?" ही पहिली तक्रार. अक्षर म्हणजे शेवटी गोल, आडवी, उभी आणि तिरपी रेघ. मातीने बोटे बळकट झाली आणि पावसाच्या रेघांनी मनगट सुटे झाले की ग आणि म वळवायला मुलाला रडावे लागत नाही.

"आमच्या मुलाला बक्षीस का नाही?" ही दुसरी. पाच वर्षांच्या मुलांत चित्रांची स्पर्धा ठेवूच नये. स्पर्धा आली की पालकांचा हात चित्रात येतो, आणि ज्याचा पालक चित्रात हात घालू शकत नाही ते मूल मागे पडते. प्रदर्शनात प्रत्येक मुलाचे निदान एक चित्र मोठ्यांच्या नव्हे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर प्रत्येक चित्रापुढे क्षणभर उभे राहावे. मुलाला तेवढे बक्षीस पुष्कळ झाले.

९. हन्नाचा झगा

शमुवेल मंदिरात सेवा करीत असताना त्याची आई हन्ना दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेत असे. ती शेजारच्या मुलाचे माप घेत नव्हती आणि गेल्या वर्षीचाच झगाही नेत नव्हती. शमुवेल वाढला असेल तेवढा झगा तिला वाढवावा लागे. शिक्षकानेही प्रत्येक मुलाची दर महिन्याची एक-दोन चित्रे तारखेसह एका पुठ्ठ्याच्या खोळीत ठेवावीत आणि एप्रिलमध्ये पालकांपुढे जुलैची रेघ आणि एप्रिलची रेघ शेजारी शेजारी मांडावी. त्या दोन कागदांच्या मधल्या अंतरात मूल किती वाढले हे दिसते, आणि ते दुसऱ्या कोणाच्या मुलाशी ताडून पाहावे लागत नाही.

बालके जवळ येऊ लागली तेव्हा शिष्यांनी त्यांना अडवले आणि प्रभूने शिष्यांवरच राग केला (मार्क १०:१३-१६). आपल्या बालवर्गात मूल जे पहिले काही घेऊन जवळ येते ते पुष्कळदा खळीने चिकट झालेला एक कागद असतो. तो दोन्ही हातांनी घ्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. बसालेलाला कारागिरी आणि शिकवण्याची बुद्धी एकत्र का मिळाली असावी? आपल्या मंडळीत सुतार, शिंपी, विणकाम करणाऱ्या भगिनी यांपैकी कोणाला बालवर्गात बोलावता येईल?

२. आपल्या गावाच्या परिसरातील अशा पाच वस्तू सांगा ज्या वर्षभराच्या क्रमात विनाखर्च वापरता येतील.

३. देवाने आदामाला नावे देऊ दिली. आपण मुलांच्या बोलण्यात कोठे थांबत नाही?

४. पुढील रविवारी एका मुलाला "मला याविषयी सांग" असे विचारा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून आणा, आणि शिक्षकांच्या सभेत वाचा.